सीताफळांच्या दिवसांतला ॲम्प

दौलताबादच्या घाटाखाली बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसायला लागल्या की मी गाडीचा वेग वाढवते. दसरा झालेला असतो. दुपारचं ऊन अजून चटका देतं आणि संध्याकाळी एकदम गार झुळूक येऊन अंगावर काटा येतो. पुण्या-मुंबईकडची मंडळी हमखास थांबतात, अंगठ्यानं फळ दाबून बघतात, घासाघीस करतात आणि खिडकीतून बिया थुंकत किल्ल्याकडं जातात. मी थांबत नाही. मला सीताफळ आवडत नाही असं नाही, लई आवडतं. पण ह्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नसतं, आणि त्याला कारण एक ॲम्प आहे. हे कुणाला सांगायला गेलं की लोक असं बघतात की विचारू नका. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज ज्यातून बाहेर पडतो ते खोकं. लोकांना वाटतं गिटार महत्त्वाची. नाही हो! रॉक आणि मेटल वाजवणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य ॲम्प निवडण्यात जातं. बाकीच्या संगीतात आवाज स्वच्छ हवा असतो. आम्हाला तो फाटलेला हवा असतो, आणि नेमका कसा फाटलेला हवा यावरून आमच्यात भांडणं लागतात. जुनी गोधडी फाटावी तसा नको, कोरं मांजरपाट टर्रकन फाडावं तसा हवा, असं दादा म्हणायचा. गुलमंडीत कापडाच्या दुकानात दुकानदार कापड मोजून, कडेला कातरी लावून एका झटक्यात फाडतो ना, तेव्हा दादा रस्त्यात थांबून ऐकायचा. मागून रिक्षावाले शिव्या घालायचे. हा आपला उभा.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं घर दौलताबादच्या पुढच्या शिवारातलं. आबांनी शेती सोडली नाही, पण आम्हा दोघांना शहरात धाडलं. दादा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागला. तिथं लोखंडी पत्र्याच्या पट्टीवर प्रेस धाडकन आपटते आणि गाड्यांचे भाग कापून निघतात. मी शाळेत भूगोल शिकवते. आणि दर रविवारी आम्ही दोघं शेतातल्या शेडमध्ये जाऊन मेटल वाजवायचो. दादा गिटार, मी बास, आणि ड्रमवर इम्रान, दादाचा कॉलेजपासूनचा मित्र. भूगोलाच्या बाई बास गिटार वाजवतात हे शाळेत कळलं, तेव्हा मुख्याध्यापिका गोड हसून म्हणाल्या, "मग मुलींचं एखादं भजन बसवा ना." मी नाही बसवलं.

ते शेड मूळचं कोंबड्यांचं. साथीत कोंबड्या गेल्या, आबांनी पुन्हा भरल्या नाहीत. पावसाळ्यात अजूनही तिथं असा वास सुटतो की पाहुणा आला तर नाकाला रुमाल लावून परत जाईल. आम्हाला काही वाटायचं नाही. वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, जाळीला आतून पोती बांधलेली आणि मध्ये आम्ही तिघं, घामानं निथळत.

कधी कधी विचार येतो की आम्हाला हा दणदणाट कशापायी लागत होता. आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. पीक गेलं तरी आबा गप्प, आलं तरी गप्प. आई जायच्या आदल्या दिवशीसुद्धा घरात सगळे हळूच बोलत होते. राग आला तर उठून गोठ्यात जायचं, रडू आलं तर चुलीपाशी बसायचं, ही आमची पद्धत. मग एके दिवशी दादानं कुठूनतरी एक मोडकी गिटार आणली, तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला, आणि मला वाटलं की बाई गं, एवढं मोठ्यानं बोलायची परवानगी असते होय! त्या दिवसापासून मी त्याच्या मागं लागले. लोकांना मेटल म्हणजे गोंगाट वाटतो. वाटू दे. तांदूळ निवडावेत तशी आम्ही एकेक खरखर निवडायचो.

आता त्या वर्षाचं सांगते. खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा होते. आबा नांगर-विळे पूजतात, दादा कारखान्यात प्रेसला झेंडूचा हार घालून यायचा आणि मग शेडवर येऊन गिटारला आणि ॲम्पला कुंकू लावायचा. त्या वर्षी पूजा झाली, नारळ फुटला, आणि आमचा जुना ॲम्प दुसऱ्याच दिवशी फुस्स करून बसला. इम्रान म्हणाला, "भाई, कुंकू कैकू अंदर तक डाले? गला घोट दिए उसका." आम्ही पोट धरून हसलो. हे सांगायचं कारण असं की त्या मोसमातलं ते शेवटचं मोकळं हसणं.

ॲम्प आणायला आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. तिथं वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. हार्मोनियम, तबले, ताशे, लेझीम, बँडवाल्यांचे पितळी कर्णे आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेले थोडे ॲम्प. दुकानदार काकांना आमचं संगीत म्हणजे भूतबाधा वाटायची, पण गिऱ्हाईक म्हणून सहन करायचे. दादानं गिटार जोडली, एक सूर छेडला आणि तोंड वाकडं केलं.

"मळकट वाजायलंय," तो म्हणाला.

ॲम्पवर बटणं असतात. एक जाड आवाजाचं, एक मधल्या आवाजाचं, एक बारीक, टोकदार, वरच्या आवाजाचं. दादानं ते वरच्या आवाजाचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटी ते अडेपर्यंत फिरवलं. माझ्या दातांतून कळ गेली. काकांनी कान झाकले. इम्रान ओरडला, "अरे भाई, कान में सुई घुसरी!"

"छ्या," दादा म्हणाला, "तोंडावर घोंगडं टाकून बोलल्यावानी वाटतंय."

तो ॲम्प नको ठरला. मग सिडकोत एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडचा जुना बघितला. तोही मळकट. पुण्याहून इम्रानच्या ओळखीच्या कुणीतरी आणलेला, नव्या जमान्याचा, ज्यात एका खोक्यात सगळ्या जगातल्या ॲम्पांची नक्कल करता येते असला, तोही शेडवर आणून वाजवला. मळकट. दादानं केबल बदलली. तारा बदलल्या. म्हणाला, शेतातली वीज कमी दाबाची आहे, म्हणून आवाज दबतोय. आबांच्या मोटारीची लाईन बंद करून बघितली. मग म्हणाला, पोत्यांनी आवाज खाल्लाय. पोती काढली. पोती काढल्यावर तो आवाज उघड्या पत्र्यावरून असा कडाडून आला की गोठ्यातली गाय दावं तोडायला निघाली, आणि दादा म्हणतो, "आता जरा बरं हाय."

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर तरी कळायला हवं होतं. सांगणं सोपं आहे. आमच्या घरात दादाच्या कानाबद्दल कुणी शंका घेणं म्हणजे आबांच्या शब्दाबद्दल शंका घेण्यासारखं होतं. विहिरीवरची मोटार बिघडायच्या आधी तिचा आवाज ऐकून तो सांगायचा की बेअरिंग जाणार. कारखान्यात साहेब लोक त्याला मशीनपाशी उभं करून विचारायचे, ऐक रे, काय म्हणतीय. माझा बास जुळवायचा तर त्यानं, यंत्र न लावता, नुसता कान देऊन. सगळं ज्या कानानं तपासायचं तो कान कशानं तपासणार? इम्रान आणि मी आपले मान डोलवायचो. म्हणायचो, असेल मळकट, आपल्यालाच कळत नसेल.

शेवटी दादानं ठरवलं की आपल्याला वॉल्व्हचाच ॲम्प पाहिजे. त्यात जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्या असतात, त्या तापतात, लाल होतात आणि मग आवाज जो फुटतो, त्याला तोड नाही म्हणतात. काकांनी कुरकुर करत तो मुंबईहून मागवायचं कबूल केलं. दादा हरखून गेला. रोज मला फोन. "मंजे, वॉल्व्हचा आला ना, की बघच तू. मग कळंल तुला मी काय म्हणायलोय ते." वहिनी म्हणायची, मुलीच्या जन्माची पण एवढी वाट नव्हती बघितली ह्यांनी. टोपल्या एव्हाना घाटाखाली भरून वाहत होत्या. शेडवर येताना दादा पिशवी भरून सीताफळं आणायचा, आम्ही तबल्यासारखी मांडीवर घेऊन खायचो आणि बियांनी इम्रानच्या झांजेवर नेम धरायचो.

अशाच एका रविवारी, दिवस मावळतीला, पुण्याच्या त्या उसन्या ॲम्पवर वाजवता वाजवता वीज गेली.

आवाज एकदम थांबला की कान क्षणभर सुन्न होतात. मग हळूहळू बाहेरचं ऐकू यायला लागतं. गाईच्या गळ्यातली घंटा. रस्त्यावरची एखादी गाडी. आणि रातकिडे. पोती काढलेली, जाळी उघडी, आणि जाळीला लागून गवत. त्यात किड्यांनी नुसता हैदोस घातला होता.

इम्रान काठ्या खाली ठेवत म्हणाला, "या अल्ला, ये कीडे कित्ता चिल्लारे! अपन से ज्यादा आवाज इनका."

"कुठले किडे?" दादानं विचारलं.

आम्हाला वाटलं, मस्करी करतोय. इम्रान हसला. दादा नाही हसला. तो म्हणाला, "किडं राह्यलेत कुठं आता? दोन-तीन सालं झाली, शिवारात एक किडा वरडत नाय. फवारण्यांनी मेलं समदं. मी आबाला म्हणलं बी व्हतं, फवारा कमी मारत जा, रातकिडं सुदिक ठिवलं नाय तुम्ही. माझ्यावर रुसून बसला म्हातारा."

मी इम्रानकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाहेर किडे कर्रर्र करून रान डोक्यावर घेत होते, आणि आमच्या मध्ये माझा भाऊ शांतपणे सीताफळ फोडत बसला होता. बास मांडीवरून खाली ठेवला, तो कुठं ठेवला तेही कळलं नाही.

आबांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "व्हय, म्हणला व्हता. मला किडं तर ऐकू येत व्हते. मला वाटलं, शहरात राहून पोरगं कायतरी पुस्तकातलं बोलायलंय. कशाला वाद घालायचा." आणि गोठ्यात निघून गेले. अशी आमची घराण्याची रीत.

कानाची तपासणी करतात ती खोली काचेची असते, भिंतींना मऊ अस्तर लावलेलं. दादाला आत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर बाकावर, काचेतून तो मला दिसत होता. तपासणाऱ्या मॅडम त्यांच्या यंत्राची खुंटी फिरवत होत्या आणि कागदावर खुणा करत होत्या. दादानं सुरुवातीला बटण भराभर दाबलं. मग दाबायचा थांबला. नीट ताठ बसून, शाळेत फोटोला बसतात तसा, चेहऱ्यावर अदब आणून तो वाट बघत होता. मॅडम खुंटी फिरवत होत्या, खुणा करत होत्या. तो वाट बघत होता. शेवटी त्यांनी दार उघडलं तेव्हा तो अजिजीनं म्हणाला, "मॅडम, दुसरं कधी चालू करणार?"

दुसरं होऊन गेलं होतं.

डॉक्टर चांगले होते, उगीच घुमवून बोलले नाहीत. म्हणाले, कानाच्या आत बारीक केस असतात, मोठ्या आवाजानं ते मोडतात, मोडलेले परत उगवत नाहीत. वरचे आवाज आधी जातात, म्हणून माणसाला वाटतं की ऐकू तर येतंय, फक्त लोक पुटपुटतायत. गेलेलं येणार नाही. उरलेलं राखायचं बघा. मग विचारलं, काम कशात? प्रेस शॉप. आणखी कुठं मोठा आवाज? दादा फरशीकडं बघत राहिला. गिटार, मी सांगितलं. डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "दोन्ही चालायचं नाही हो आता. दोन्ही ठेवलंत, तर थोड्या वर्षांत समोरचं माणूस काय बोलतंय तेही कळणार नाही."

बाहेर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीशी आम्ही उभे होतो. माझ्या डोक्यात नुसती आग.

"कंपनीनं कानात घालायला बोळे दिलेत ना तुम्हाला? ते घालायला काय धाड भरली होती?"

दादानं खिशातून काढून दाखवले. नारिंगी, दोरीनं बांधलेले, कोरे करकरीत. ते सगळ्यांच्या गळ्यात असतात म्हणाला. साहेब फेरीला आले की कानात जातात, गेले की परत गळ्यात.

"बोळं घातलं की प्रेसचं कळत नाय, मंजे. डायच्या साच्याला चीर गेली का, पट्टी दुहेरी सरकली का, समदं आवाजावर. तिथं हात घालावा लागतो आमाला. आवाज कळला नाय तर बोटं जातात. आमच्या लाईनला हायत की तसली माणसं, बघितलीस ना तू?" मग आपल्याच हाताकडं बघत म्हणाला, "गिटारीला बोटं लागत्यात. म्हणून मी लई जपून ऐकायचो."

चहा हातात गार झाला. ज्या बोटांसाठी त्यानं कान उघडे ठेवले, ती बोटं शाबूत होती, सगळीच्या सगळी, ग्लासाभोवती.

"प्रेस सोड," मी म्हटलं. "दुसरं काम माग. स्टोअरला टाका म्हणावं."

"कान गेला म्हणून सांगू? दर साली तपासतेत ते नुसतं कागदावर, म्हणून चाललंय. कळलं की लाईनीवरून काढतेत, मग कुठंतरी झाडू माराय लावतेत, नायतर घरी. ह्या वयात बहिऱ्याला कोण उभं करतंय?"

बहिरा हा शब्द त्यानं असा सहज वापरला, जणू शेजारच्या कुणाबद्दल बोलतोय.

"म्हणजे उरलेला कान तू त्या मशीनला देणार? गिटारला नाही?"

"प्रेस बंद केली तर घर बंद पडतं. गिटार बंद केली तर काय बंद पडतं, सांग की."

"तू! तू बंद पडशील, गाढवा!" मी भर रस्त्यात किंचाळले. टपरीवाल्यानं मान वळवून बघितलं. आमच्या घराण्यात इतक्या मोठ्यानं कुणी ओरडलं नसेल.

दादा हसला. "वरड, वरड," तो म्हणाला. "तुझं अजून ऐकू येतंय मला."

वॉल्व्हचा ॲम्प आला तेव्हा सीताफळं संपत आली होती. टोपल्यांत काळवंडलेली, फुटलेली उरली होती. काकांचा फोन आला. मला वाटलं दादा जाणार नाही. पण तो म्हणाला, मागवलाय तर बघून तरी येऊ, माणसाचा खोळंबा नको. तिघंही गेलो. काकांनी ॲम्प मध्यभागी ठेवला होता, पुसून. मागून नळ्या दिसत होत्या, हळूहळू लाल होत गेल्या.

दादानं गिटार जोडली आणि हात बटणांकडं नेला. मग मागं घेतला.

"तू लाव," मला म्हणाला. "तुझ्या कानानं लाव."

मी गुडघे टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मी लावत होते. मधला थोडा वर घेतला, कारण आमच्यासारखे लोक मधला आवाज काढून टाकतात आणि मग ड्रमसमोर गिटार गायब होते, हे त्यानंच मला शिकवलेलं. जाड थोडा कमी केला. वरचा लावला तिथं, जिथं सुई टोचत नाही पण धार राहते. मग म्हटलं, वाजव.

त्यानं वाजवलं. देवा शपथ सांगते, असा आवाज मी त्याआधी कधी समोर उभं राहून ऐकला नव्हता. कोरं कापड टर्रकन फाटत जावं आणि त्याची धार थेट आपल्या छातीवरून जावी. इम्राननं डोळे मिटले. काकांनीसुद्धा हातातलं पुडकं खाली ठेवलं. दादा वाजवत होता आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत होता, इम्रानच्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याच्या कानाला तो आवाज घोंगड्याखालचाच होता, आणि ते त्याला आता माहीत होतं.

थांबला. "चांगलाय?"

"लई चांगलाय दादा."

"इम्रान?"

"क्या बोलू भाई," इम्रान म्हणाला, आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला.

"मग निवडला समज," दादा म्हणाला. "हाच पाहिजे व्हता मला." त्यानं केबल काढली, कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळली, बटण बंद केलं. नळ्यांची लाली विझेपर्यंत उभा राहिला. मग काकांना म्हणाला, "काका, माफ करा. घेत नाय मी." काका आधी चिडले, मागवायला लावलं म्हणून पुष्कळ बोलले. दादानं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. किती ऐकू आलं कोण जाणे. तो ॲम्प पुढं कुणी नेला, मला माहीत नाही. त्या रस्त्यानं मी जात नाही.

त्या गोष्टीला आता वर्षं झाली. इम्राननं ड्रम लग्नाच्या बँडला दिले. शेडमध्ये आबांनी कडबा भरलाय. दादा अजून प्रेसवरच आहे. कानातलं यंत्र घेतलंय, पण कारखान्यात लावत नाही, कुणी बघितलं तर? घरी लावलं तर म्हणतो भांडी डोक्यात आपटल्यासारखी वाटतात, म्हणून ते डबीत असतं. शहर मात्र जोरात आहे. परवाच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर होते, माझ्या वर्गाच्या खिडक्या थरथरत होत्या आणि मी नदीची वळणं शिकवत होते. मला त्या आवाजाचा राग येतो. आमच्याकडं एकच भोंगा होता, तोही आम्ही निवडून निवडून लावणार होतो.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. म्हणाली, "ताई, एकदा येऊन जा. हे अलीकडं गॅलरीत बसतात गिटार घेऊन. मला दाराशी उभं राह्यलं की ऐकू येतं. ह्यांना येत नाय, असं वाटतंय मला."

संध्याकाळी गेले. दादा गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाठमोरा. गिटार मांडीवर, केबल नाही, कशाला जोडलेली नाही. विजेची गिटार अशी वाजवली की तिच्या अंगातून फक्त तारांची टिकटिक येते, शेजारच्या माणसालाही कान द्यावा लागतो. मी दाराशी उभी राहिले. वहिनीनं आत मिक्सर बंद केला. हळूहळू मला ओळखू आलं. आमचंच गाणं होतं, शेडमधलं, तिघांनी मिळून बांधलेलं. तारा जुनाट, पार उतरलेल्या, पण बोटं एकही जागा चुकत नव्हती.

त्या गाण्यात मध्ये एक लांब सूर आहे. दादा तो छेडायचा, बोट तारेवर दाबून हलवत राहायचा आणि ॲम्प तो सूर धरून ठेवायचा. लांब, लांब, आम्ही दोघं वाजवायचं थांबवून तो संपायची वाट बघायचो. ॲम्प नसला तर तार टिक करते आणि संपते.

त्यानं तो सूर छेडला. टिक. संपला. दादाचं बोट तारेवर हलत राहिलं. मान थोडी कलती, डोळे समोरच्या इमारतींवर, आणि बोट हलतंय, हलतंय. आतमध्ये वहिनी उभी, दारात मी. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होता. तो पुरता संपेपर्यंत त्यानं पुढचा सूर घेतला नाही.